घागर कोण सरकवतं

३ मार्च
लातूरला येऊन महिना झाला. जिल्हा नवा, कचेरी नवी, म्हणून ह्यांची मुखेडहून बदली. मलाही इथल्या शाळेत घेतलं. सगळं नवं, नळ तेवढा जुना नि कोरडा. टँकर दिवसाआड. बायका घागरी रांगेत लावून घरी जातात. टँकर आला की जी हजर असेल ती गैरहजर बायकांच्याही सरकवते, भरून घेते. मी नाही सरकवत. गल्लीची नोकर आहे का मी?

५ मार्च, शनि.
शाळा सकाळची, म्हणून रांगेत होते. समोरची गंगाक्का, किराणा दुकानवाल्यांची, मयतीला गेलेली. तिची घागर ओलांडून माझ्या भरल्या. आली नि म्हणाली, "बाई, माझी तेवढी सरकवायची हुती की."
"हात तुम्हालाही आहेत."
मजा वाटली. खोटं कशाला लिहू.

११ मार्च
शाळेतून आले तर दोन्ही घागरी होत्या तिथंच. कोरड्या. टँकर येऊन गेलेला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यात जुलाब. लुगडी धुवायला पाणी नाही. तीन दारं वाजवली. गंगाक्का ओट्यावर ज्वारी पाखडत होती. "हात हायत की तुमाला!" बायका फिदीफिदी हसल्या.
सा.बाईंना ओल्या फडक्यानं पुसलं. म्हणाल्या, "मुखेडात तुला कुणी पाण्याला न्हाई म्हणलं असतं का गं?"
नसतं. तिथं रिकाम्या हातानं बाजारात जायचे, भरल्या पिशवीनं यायचे. तो रुबाब माझा वाटायचा. ओळखीच्या माणसांचा होता. फार रडले.

१२ मार्च
नाक मुठीत धरून गंगाक्काकडे. "चुकलं माझं." बसा म्हणाली नाही. "आमच्यात ऱ्हायचं तर आमच्यावानी ऱ्हावा."
"हाव," म्हणाले, त्यांच्यासारखंच.

१५ मार्च
रविवारी अकरा घागरी सरकवल्या, हात भरून आले. आज शाळेत होते, तर माझ्या दोन्ही भरून दारात! सा.बाईंना न्हाऊ घातलं. अंगात बळ आल्यासारखं झालंय. एकटी असताना एवढी धीट कधी नव्हते.

२२ मार्च
कोपऱ्यावरच्या खोलीत देगलूरची नवी भाडेकरीण, नरसम्मा. काम मिळेल तशी मजुरीला जाते. घागरीला बिंदे म्हणते. गल्लीनं तिचं नावच बिंदेवाली पाडलं. गंगाक्काचा हुकूम, तिची सरकवायची नाही. "आधी कळू द्या तिला. बाई, तुमाला तर म्हाईत हाय, कसं कळतंय ते."
सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले.

२५ मार्च
शाळेतून आले. दोन्ही भरलेल्या. गंगाक्काला म्हणाले, "बरं झालं, सरकवल्या."
"म्या न्हाई बाई. आमी समद्या लग्नाला गेल्तो. बिंदेवाली हुती एकटी. समद्यांच्या भरल्या तिनं." मग हसली. "तिची शेवटाला. तवर टँकर संपला म्हणं."
संध्याकाळी नरसम्मा दारात आली. "अक्का, थोडं तरी..." गंगाक्का समोरच्या ओट्यावरून बघत होती.
म्हणाले, "सासूबाईंना लागतं."
सा.बाई आतून, "दे की गं. भरल्यात ना दोनी."
ऐकलं नाही असं केलं. ती गेली. रिकामी बिंदे घेऊन.
परवा टँकर. रविवार आहे, शाळेचं निमित्त नाही. गंगाक्का रांगेत असेल, नरसम्मा कामावर. तिची बिंदे माझ्या मागेच लागलेली असेल.