आवाज बंद करून खेळलेला खेळ

लिंबायत, सुरत
रामनवमी उलटून दोन दिवस, १९९९

तीर्थस्वरूप सौ. नूतनताईस, तुझ्या धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे वाल्मिकचा, माळ्यावरच्या धुळीनं माखलेल्या दोन्ही हातांनी नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक. तू, दाजी, छकुली आणि पारोळ्याचं ऊन कसं आहे ते कळव. तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांची काकूनं चौकशी केली आहे. (केली नाही, पण करायला हवी होती, म्हणून तिच्या नावावर मीच करतो.) अप्पांविषयी मी काही लिहीत नाही. मागच्या दिवाळीला तू त्यांना "तुम्ही जन्मात कधी माझं ऐकलं नाही" असं सुनावून बॅग उचललीस, तेव्हापासून तू इकडे पाऊल टाकलं नाहीस आणि त्यांनी तोंडातून एक शब्द काढला नाही. तुला बारावी करू न देता उजवून टाकलं, हे मलाही पटलेलं नाही. पण बापलेकीच्या भांडणात पुतण्यानं नाक खुपसू नये, एवढी अक्कल मला तुमच्याच घरी राहून आली आहे. तेव्हा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, तोंडावर आली आहे, गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी येतील, झोके बांधले जातील, आणि तू येणार की नाही हे मी विचारणार नाही म्हणजे नाही. हे पत्र निव्वळ टीव्ही गेमविषयी आहे.

झालं असं, की आखाजीसाठी काकूनं घराला चुना लावायला घेतला आणि मला माळ्यावर चढवलं. तिथे मोडका स्टोव्ह, तुझी दहावीची पुस्तकं आणि पितळी घागर यांच्यामागे आपलं मशीन सापडलं! तेच, ज्याची वायर उंदरानं कुरतडली होती आणि तू तिला कुणाच्या तरी लग्नातल्या हळदीच्या फडक्यानं पट्टी बांधली होतीस. (प्लेगच्या वर्षी सगळी सुरत जीव घेऊन पळाली तेव्हा काकू पिठाचा डबा इथे विसरली, पण आपण हे मशीन गोधडीत गुंडाळून गाडीत चढवलं होतं. गावी वीज नाही हे तिथे पोचल्यावर आठवलं.) आणि मशीनमध्ये कॅसेट कोणती? तीच ती जपानी. धुडकूमामानं मुंबईच्या बाजारातून आणताना उड्या मारणाऱ्या माणसाची मागितली होती आणि दुकानदारानं गळ्यात मारली ही, गावोगाव फिरून लोकांशी बोलत बसायची! गल्लीतली पोरं हसली, आणि तू मात्र पहिल्याच दुपारी जाहीर केलंस की मला हे वाचता येतं.

ताई, तुझ्या धाडसाला तोड नाही. काकूला ती अक्षरं गुजराती वाटायची. समोरचे किराणावाले भाईदासभाई एकदा डोकावले, त्यांना वाटलं ही तुमची मराठी असेल. दोघांच्या मधे बसून तू ते जपानी असं खडाखडा वाचायचीस, की मास्तरांनीही मान डोलावली असती. पहिल्या गावातल्या विहिरीजवळचा म्हातारा बटण दाबलं की दर वेळी तीच एक ओळ बोलायचा. पण तुझ्या तोंडून तो एक दिवस गाय हरवल्याचं सांगायचा, दुसऱ्या दिवशी सुनेनं जेवायला दिलं नाही म्हणून रडायचा, तिसऱ्या दिवशी चेटकिणीच्या भावाचं सगळं कुळ उलगडायचा. आणि गाव सोडायचं तर घरोघर "येतो" म्हणून सांगून निघायचं, हा तुझा दंडक! आपला तो शूरवीर तलवार उपसून निघालेला, जग बुडायला आलंय, आणि हा बापडा घराघरांत शिरून म्हाताऱ्या बायांचा निरोप घेतोय. गावाबाहेर पडेपर्यंत माझा अंगठा दुखायचा.

आणि हे सगळं कुजबुजत. कारण अप्पांची रात्रपाळी. बारा तास माग चालवून आलेला माणूस त्याच खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेला, म्हणून टीव्हीचा आवाज आपण कायमचा मुरगाळून ठेवलेला. तलवारीचा खणखणाट तू दातांत जीभ दाबून काढायचीस, बेडूक मेला की गाल फुगवून "फुस्स" करायचीस. बाकी संगीत म्हणजे भिंतीपलीकडच्या कारखान्यातल्या मागांची खडखड. मला कित्येक वर्षं वाटत होतं की या खेळाला आवाजच नाही.

तर परवा रामनवमीच्या दुपारी मी ते मशीन नव्या रंगीत टीव्हीला जोडलं. (हो, घेतला. काकू म्हणाली नूतनला कळवू नको, ती म्हणेल माझ्या वेळी नव्हता.) आतला सेल मेला होता, त्यामुळे जुना खेळ पुसला गेलेला, पुन्हा श्रीगणेशा. बटण दाबलं आणि टीव्ही असा काही गरजला की मी दचकून अप्पांकडेच पाहिलं. ते खाटेवर पाठ करून पडले होते. शिवी आली नाही, चप्पल आली नाही. मला वाटलं, चला, वयानं माणूस निवळला. मग मी ऐकायला लागलो. ताई, काय सांगू, त्या खेळाला गाणं आहे! गावात शिरलं की एक, रानात शिरलं की दुसरं. गोड आहेत दोन्ही. पण मला ती लग्नात चुकून दुसऱ्याच मांडवातला बँड शिरल्यासारखी वाटली. आणि रंग! काळ्यापांढऱ्या पडद्यावर तू छातीठोकपणे हिरवा फेटा सांगितलेला विहिरीजवळचा म्हातारा चक्क गुलाबी निघाला, फेटा नाहीच, टक्कल आहे. तू सांगितलेली निळी चेटकीण तर पिवळीधमक. मला इतका राग आला, की त्या जपान्यांना रंगसंगती कळत नाही असं मी काकूला ऐकवलं. ती चुन्याची बादली ढवळत होती, म्हणाली, बरं.

मी हट्टानं खेळलो. तू नाहीस, म्हणून कुणाचा निरोपबिरोप न घेता सरळ रानात घुसलो आणि पहिल्याच बेडकानं मला आडवा केला. पुन्हा गेलो, पुन्हा आडवा. मग मुकाट्यानं घरोघर फिरलो, तर विहिरीजवळच्या टकल्यानं माझ्या हातात ढाल ठेवली! म्हणजे निरोप घेणं हाच बरोबर मार्ग होता, आणि मी इतकी वर्षं तुला नावं ठेवत होतो. पण पुढे सगळं फिकं. माणसं बोलतात, खाली अक्षरं उमटतात, आणि मला एक अक्षर कळत नाही. मी तुझ्यासारखं मनानं रचून बघितलं. माझा म्हातारा म्हणाला, "नमस्कार, आज ऊन फार आहे." बस्स, एवढंच सुचलं. ताई, मला तू फार आठवलीस. रडलोबिडलो नाही, डोळ्यांत चुना गेला होता.

बाकी क्षेम. माझी एम्ब्रॉयडरी मशीनवरची नोकरी चालू आहे. दाजींना नमस्कार, छकुलीला पापा. पत्राचं उत्तर आलं तर आनंद, नाही आलं तर पोस्टाला दोष देईन.

तुझा,
वाल्मिक

ता. क. तो शूरवीर नदीकाठी येऊन उभा राहिला, नाव नव्हती, तिथे तू गोष्ट थांबवलीस, कारण दुसऱ्या दिवशी तुला बघायला पाहुणे आले. पुढे काय झालं ते पोस्टकार्डावर लिहून टाक. यायची गरज नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं होतं, पण राहवत नाही. वरचा प्रश्न माझा नाही, अप्पांचा आहे. मी म्हाताऱ्याला बोलतं करत बसलो होतो तेव्हा ते खाटेवर उठून बसले, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वाल्मिक, यामा चेटकीणना भाऊ कोनता रे?" माझा अंगठा बटणावरून सुटला. आपण तर त्यांना कधी काही सांगितलं नव्हतं! काकू हसत म्हणाली, अगं बाई, ते कधी झोपत होते? भिंतीकडे तोंड करून रोज ऐकत पडायचे. काकू विचारायची, पोरांना हाकलू का, तर म्हणायचे, राहू दे, पोरगी चांगलं सांगते. मग रात्री मागावर डुलक्या, कापडात भोकं आणि शेठच्या शिव्या. ताई, त्यांना सगळं पाठ आहे. हरवलेली गाय, सुनेचं भांडण, सगळं. फक्त तोंडं माहीत नव्हती, म्हणून मी एकेकावर बोट ठेवून ओळख करून दिली. मग त्यांनी विचारलं, "मंग त्या पोऱ्यानं पुढे काय व्हयनं?" मी सांगितलं, मला माहीत नाही. तर म्हणाले, तिला लिहू नको, तिला वाटेल मी बोलावतोय.

मी तीन वेळा ओरडून सांगितलं तेव्हा त्यांना "माहीत नाही" हे कळलं. ते निवळलेबिवळले नाहीत गं. मागांच्या आवाजानं उजवा कान पार गेला. माग बिघडला तरी कळेना, म्हणून शेठनं त्यांना घड्या घालायला बसवलं. डाव्याचंही डॉक्टरांनी फार दिवसांचं सांगितलेलं नाही.

म्हणून पोस्टकार्ड नको. तू आखाजीला ये. खाटेच्या डाव्या अंगाला बस, आणि आता कुजबुजू नको, मोठ्यानं सांग.