तडा गेलेल्या ठशाचे पैसे

अण्णा,

काल वाण्याने सुटे दिले आणि मी दुकानाच्या पायरीवरच एक नाणं उजेडात तिरपं धरून बघत उभी राहिले. जावई म्हणाले, "आई, खोटं आहे का?" नाणं चांगलं होतं. वाण्यावर माझा विश्वास नाही, इतकंच. माझा तसा कुणावरच नाही. दूधवाल्यावर नाही, बँकेतल्या पोरीवर नाही, आणि खरं सांगायचं तर जावयांवरही नाही. हे वळण तुमचं. फार वर्षं मी ते मिरवलं.

लालबागच्या खोलीतली रविवारची सकाळ. तुम्ही गॅलरीच्या कठड्याशी भिंग घेऊन बसला आहात. टांकसाळीत नाणी पाडायचे पोलादी ठसे घासून गुळगुळीत करण्याचं तुमचं काम, त्यामुळे चाळीतलं प्रत्येक विचित्र नाणं आधी तुमच्याकडे येतं. नवे पैसे नुकतेच सुरू झालेत, दुकानादुकानात आणे की पैसे म्हणून भांडणं चालली आहेत आणि जो तो नव्या नाण्याला खोटं म्हणतो आहे. तुम्ही माझा हात धरून नख नाण्यावर फिरवता. "रेघ खाली गेली असेल तर कुणीतरी ओरखडलंय. वर उठली असेल तर ठशालाच तडा गेलाय. ठशात खाच, म्हणून नाण्यावर उंचवटा. अक्षरं सुजल्यासारखी दिसली, तर समज ठसा म्हातारा झाला." दोन नाण्यांवर एकाच जागी एकच रेघ दिसली की लोकांना वाटतं, एकाच चोराच्या साच्यातली. तुम्ही हसता. एक ठसा हजारो नाणी मारतो आणि आपला तडा सगळ्यांना वाटतो.

एवढं शिकले होते म्हणूनच घोटाळा झाला. तेव्हा मी बारा-तेरा वर्षांची होते. आईच्या ट्रंकेत लुगड्यांखाली मला तुमचा तपकिरीचा डबा सापडला. आत सतरा नवे पैसे, प्रत्येक कागदाच्या पुडीत, पुडीवर आकडा. पहिला सोडून सगळ्यांवर कडेपासून एकच्या आकड्याकडे जाणारी तीच रेघ. दुसऱ्या कुणी पोरीने ते पैसे चिंचा-बोरांवर उडवले असते. मी मात्र हिशेबी डोक्याने विचार केला: एकाच ठशाची इतकी नाणी बाजारातून एका माणसाकडे कशी येतील? ती थेट यंत्राखालूनच उचललेली असणार. टांकसाळीच्या दारावर रोज तुमची झडती होते हे मला ठाऊक होतं. महिनाभर तुम्ही जेवताना बोलत नव्हता आणि ट्रंक उघडताना दाराला कडी लावत होता. माझे वडील चोर आहेत, याची माझी खात्री पटली.

त्याच आठवड्यात परळला मोर्च्यावर लाठीमार झाला आणि पोलीस चाळीतल्या खोल्या तपासणार अशी आवई उठली. दुपारी आई नळावर असताना शेजारच्या खोलीतले काका संयुक्त महाराष्ट्राच्या वर्गणीचा डबा घेऊन आले. मालवणकडचे, गिरणीत माग चालवणारे, तुमचे सकाळच्या चहाचे सोबती.

"अण्णा खंय गेले गो?"

"कामावर." मी आत जाऊन ट्रंकेतल्या पुड्या सोडल्या आणि सगळे पैसे आणून त्यांच्या डब्याच्या फटीतून आत ढकलले.

"अगो, सगळे? अण्णांका इचारलंस मां?"

"त्यांनीच सांगितलंय."

माझ्या जिवावरचं ओझं उतरलं. तुम्हाला तुरुंगातून वाचवल्याचा मला अभिमानसुद्धा वाटला.

संध्याकाळी तुम्ही ट्रंक उघडली. मग मला एवढंच विचारलंत, "घरात कोण आलं होतं?" मी म्हटलं, "शेजारचे काका." ते खोटं नव्हतं. तुम्ही मोरीजवळ जाऊन आईला हळू आवाजात सांगू लागलात आणि मी पाटावर बसून सगळं ऐकलं. तडा गेलेला ठसा तुम्ही बघूनही पुढे पाठवलात, असा साहेबांनी तुमच्यावर ठपका ठेवला होता. लालबाग-परळच्या दुकानांतून एकेक करून तुम्ही ती नाणी बदलून आणली होती, तडा वाढत जाईल तशी ओळीने लावली होती. सगळ्यात मोलाचं होतं ते पहिलं. त्यावर तुमच्या ताज्या घासणीच्या बारीक रेषा होत्या आणि तडा नव्हता. तुमच्या हातून गेला तेव्हा ठसा धड होता, याचा तेवढाच पुरावा. उद्या साहेबांसमोर ती मांडायची होती. "पुरावा घरात आहे, एवढं शेजारच्या त्या एकट्यालाच सांगितलं होतं गं," तुम्ही म्हणालात. "त्यानेच घात केला."

अण्णा, वर्गणीचा डबा तेव्हा भिंतीपलीकडे काकांच्या फळीवर होता. सकाळी ते तो पोचवायला निघाले तेव्हा त्यातल्या पैशांचा आवाज मला आपल्या दारातून ऐकू आला. रात्रभरात मी एक शब्द बोलले असते तर काकांनी डबा तुमच्यासमोर ओतला असता. मला माराची भीती नव्हती, तुम्ही कधी हात उगारलाच नाहीत. पण मी तुम्हाला चोर समजले, हे तुम्हाला कळलं असतं.

तुम्हाला पोती उचलायच्या कामावर टाकलं. भिंग तुम्ही विकून टाकलंत. काका दोन-चार दिवस चहाची हाक मारत राहिले, मग त्यांनीही मान फिरवली. पुढची एकोणीस वर्षं एकाच गॅलरीत तुम्ही दोघं एकमेकांना वाट देत जात होता, न बोलता. तुम्ही गेलात तेव्हा खांदा द्यायला तेच पहिले पुढे आले. परतताना जिन्यात मला म्हणाले, "माझा काय चुकला ता तुका तरी ठाऊक आसा काय गो?" मी मान हलवली. नाही म्हणून.

काका अजून आहेत. मुलाकडे वसईला असतात, कान गेलेत पण वाचता येतं, असं परवाच कळलं. पत्ता माझ्याकडे आहे. हे पत्र खरं तर त्यांना लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुमचं उत्तर येणार नाही.