होडी ट्रकातून गेली

बाबा, माझी नात आज होडी घेऊन गेली, आणि पाण्यातून नाही, ट्रकातून! हसू नका. तुम्ही हिला पाहिलं नाही, तुम्ही गेलात तेव्हा हिची आईच परकरात होती. हिची आई गेल्यापासून ही माझ्याकडेच. शिडाची एवढीशी होडी, दोन माणसं जेमतेम बसतील. जुनी घेतली आणि इथे दिंडोशीत आमच्या बिल्डिंगखाली स्कूटरच्या जागेत ठेवून दोन महिने घासली, रंगवली. सेक्रेटरी रोज कुरकुरायचा, पण त्याचीच बायको होडीला टेकून फोटो काढून गेली. आता पोरीला विशाखापट्टणमला नोकरी लागलीय, मुलांना शिडाची होडी शिकवायची. म्हणजे आपल्या दर्यातून उचलून पार पलीकडच्या दर्यात. इतकी लहान होडी अख्ख्या देशाला वळसा घालून कशी जाणार, म्हणून ट्रक. तिकडे सूर्य समुद्रातून वर येतो म्हणे. मी आपला बुडतानाच पाहिलाय.

जायला तयार नव्हती हो. "तू एकटी राहणार असशील तर मी नाही जात, संपला विषय." मी म्हटलं, एकटी कुठली, खालच्या मजल्यावरची येणार ना रोज, दुपारी जेवायला, संध्याकाळी सिरियल बघायला, सगळं ठरलंय. ठरलं कसलं! मी त्या बाईला विचारलंसुद्धा नव्हतं.

सकाळी ट्रक आला. आठ जणांनी होडी उचलून वर चढवली, खाली जुने टायर, डोलकाठी वेगळी बांधली. पोर दोर आवळत होती, तेवढ्यात मी काय केलं, घरातली गोणपाटं बादलीत भिजवली आणि दिली होडीवर टाकून. ड्रायव्हर मिशीवाला, पन्नाशीचा, म्हणतो कसा, "आजी, नवरीला हळद लावताय का?" मला आपलं तुमचं अंगण आठवलं. होडी बांधून तयार, पाण्यात जायला दोन दिवस आहेत, आणि भर उन्हात पाणी मारायचं काम माझं. मी चिंचेखाली भातुकली खेळत बसलेय. तुम्ही जेवून उठता, फळ्यांमधून बोट जाईल एवढी फट बघता. "गो चेडवा, होडयेक तान लागली, तुका कळना नाय?" एवढंच बोललात, आणि पुढे दोन दिवस काहीच नाही. त्या दोन दिवसांची भीती अजून आहे बाबा, म्हणून तर गोणपाटं.

पोर ट्रकातून ओरडली, "अगं आजी, फायबर आहे ती! लाकूड नाही, ती नाही सुकत!"

हात लावून पाहिला. प्लास्टिकच्या बालदीसारखी गार, गुळगुळीत. हिला तहानच लागत नाही. तुम्ही असता तर कितीतरी वेळ हिच्याभोवती फिरला असता आणि करायला काही सापडलं नसतं. माझंही तसंच झालं. पण पोर गुणाची. "राहू दे गं, ओली झाली म्हणून काय बिघडतं?" म्हणाली, आणि गोणपाटांवरूनच दोर बांधला. मग ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसली. ट्रक वळला तेव्हा होडीचं नाक सगळ्या गाड्यांच्या वर होतं. काय ऐट! मी टाळ्या वाजवल्या, खरंच सांगते, वॉचमन बघत राहिला.

संध्याकाळी फोन आला, सोलापूरच्या अलीकडे धाब्यावर थांबलेत. "आली का गं ती खालची?"

"ही काय, समोर बसलीय." आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून ओरडले, "काय गं, साखर घालू का अजून?"

"दे ना तिला फोन."

"तोंडात पोहे आहेत तिच्या."

पोर खदाखदा हसली. मन लावून जेव म्हटलं आणि ठेवला.

मग खरंच जिना उतरले. त्या बाईच्या दाराबाहेर चपला होत्या, आत टीव्ही चालू होता. बेलवर बोट ठेवलं बाबा, दाबलं नाही. काय सांगणार, एकटं वाटतं म्हणून आले? या वयात? तशीच वर आले आणि नातीच्या जुन्या वहीत हे लिहायला बसले. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तर लिहिता आलं. तिच्याकडे नुसती साखर मागायला गेले असते तरी चाललं असतं, पण तेही जमलं नाही.