ज्वालागडच्या किल्लेदाराचा आवाज

नवी पेठ, सोलापूर
माघ महिना, १९७६

तीर्थरूप विरुपाक्ष दाजींच्या पायांशी गुरुबसप्पाचे शरणार्थ.

सिद्धरामेश्वरांच्या कृपेनं इकडं आम्ही सगळे जिवंत आहोत, त्यातला मी नावापुरता. तुमचा गुडघा कसा आहे? वैरागच्या वैद्याचं तेल लागू पडलं नसेल तर हट्ट सोडा आणि इकडं येऊन डॉक्टरला दाखवा. अक्काचा दमा थंडीत उसळतो, तेव्हा तिला पहाटे म्हशीखाली बसू देऊ नका (ऐकायची नाही म्हणा, लहानपणापासून तिनं माझं एक ऐकलेलं नाही, तुमचं काय ऐकणार). आई बरी आहे, जरुरीपेक्षा जास्तच बरी आहे. सुंदरम्मा नमस्कार सांगते, म्हणजे सांगितला असता, पण हल्ली ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. का, ते सांगायलाच हे पत्र लिहायला बसलोय. वाचून झालं की अक्काला दाखवू नका, ती हसेल आणि तिला पुन्हा धाप लागेल.

दाजी, तुम्हाला 'ज्वालागडचा किल्लेदार' आठवतो ना? शहरातल्या थिएटरात तो पिक्चर आठवडाभरसुद्धा टिकला नाही, आणि मग गड्ड्याच्या यात्रेत तंबूत लागला. तुम्ही तेव्हा माझे दाजी नव्हता, नुसते दोस्त होता, आणि मी तुम्हाला अरे-तुरे करत होतो (अक्काशी तुमचं लग्न लागलं आणि माझा एक दोस्त गेला, पण ते असो). यात्रा हलेपर्यंत आपण रोज तो पिक्चर बघितला. सगळं जग त्यातल्या नायकामागं वेडं व्हायचं सोडून आपण दोघं किल्लेदाराच्या मागं लागलो. किल्लेदार म्हणजे दिनमणी. दाराला पाठ लावून, छातीत भाला घेऊन तो गरजायचा, "किल्ला पडला तरी किल्लेदार पडत नाही!" आणि पडायचा. तुम्ही रडायचा. मीही रडायचो. तसा मरणारा नट पुन्हा झाला नाही, असं मी त्या दिवसापासून आजपर्यंत जो भेटेल त्याला सांगत आलो, आणि त्याचा तो गडगडाटी आवाज काढून दाखवत आलो. लग्नकार्यात पंगत उठली की लोक म्हणायचे, गुरुबसप्पा, होऊन जाऊ दे किल्लेदार. दुकानात चादरी विकून मला जेवढी ओळख मिळाली नाही तेवढी त्या एका आवाजानं मिळाली.

आमच्या दुकानासमोर श्रीमंत नावाचा भांडीवाला आहे. त्याला हल्लीचे नट आवडतात, केस कानांवर घेऊन बागेत पळणारे. दिवाळीत चहा पिता पिता तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आप्पा, तुझा दिनमणी आम्ही कुणीच बघितला नाही. आहे का खरा, का तुझ्याच घशात जन्मला?" हे मला लागलं. मी हट्टानं चौकशी केली आणि मिरजेच्या एका जुन्या वितरकाकडं त्या पिक्चरच्या रिळांची पेटी निघाली. इथल्या एका थिएटरवाल्याला गळ घालून रविवारचा सकाळचा खेळ घेतला. पेठेतल्या प्रत्येक दुकानात जाऊन मी स्वतः आमंत्रण दिलं. बायकापोरांसकट या म्हणालो (कुणी मला तेव्हा दोरीनं बांधून ठेवायला हवं होतं).

आणि मग नशिबानं आणखी एक खड्डा खणला. होटगीची एक बाई लुगडं घ्यायला आली होती. दुकानाबाहेर मी रंगवलेला खेळाचा फळा वाचून म्हणाली, "ह्ये दिनमणी मंजी आमचं हिंदुरावमामा की! आमच्या शेजारीच ऱ्हात्यात. भाचीकडं असत्यात." दाजी, माझ्या हातातला कापड मोजायचा गज गळून पडला. देव होटगीत राहतो आणि मी इकडं फळे रंगवत बसलोय! दुसऱ्याच दिवशी गाडी धरून गेलो. अंगणात एक लहान चणीचा म्हातारा मिरच्यांची देठं खुडत बसला होता. मी सरळ त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तो दचकून पाय वर घेत बारीक, चिरका आवाज काढून म्हणाला, "आवं, कोन तुमी? मिरच्या तुडवाल की!" मी मनाशी म्हटलं, वयोमानानं आवाज गेला असेल. किती भाबडा मी! पिक्चर लागणार म्हटल्यावर त्यानं विचारलं, "कंचा?" मी सांगितलं. त्यानं हातातल्या मिरचीचं देठ खुडलं. मग म्हणाला, "येतो. मी त्यो बगितल्याला न्हाय." मला वाटलं, थट्टा करतोय.

रविवार उजाडला. थिएटर गच्च भरलं, सुंदरम्मा नवं इरकल नेसून आली, आणि ज्या आईनं जन्मात पिक्चरला शिव्याच घातल्या तीही 'त्या बिचाऱ्याला बघायला' आली. म्हाताऱ्याला मी हार घालून मधल्या खुर्चीवर बसवलं. दिवे गेले आणि माझ्या अब्रूची गाडी रुळांवरून घसरायला लागली. दाजी, तो पिक्चर वाईट आहे. आपण तरुण होतो, तंबूत धूळ होती, कशानं कुणास ठाऊक, पण आपल्याला दिसलंच नाही. ज्वालागडाची तटबंदी वाऱ्यानं फुगते. तो मांजरपाट आहे, आणि तोही हलका. इतकी वर्षं कापड विकून मला तेवढं तरी कळतं. शत्रूच्या सेनापतीच्या मनगटावर घड्याळ आहे. नायिका विहिरीत उडी टाकते तेव्हा आतून धप्प आवाज येतो, पाण्याचा नव्हे, गादीचा. आधी पोरं हसली, मग बाया, मग श्रीमंत जो हसायला लागला तो खुर्चीचा हात धरून. कहर म्हणजे मशीनवाल्यानं रिळं उलटसुलट लावली. किल्लेदाराचं मरण शेवटी यायचं, ते मध्यंतराच्या आधीच आलं. तोवर त्याला कुणी नीट ओळखतही नव्हतं. पडद्यावर एक मिशाळ माणूस अचानक दाराला टेकला, त्यानं भाला धरला, तोंड उघडलं आणि तो प्रसिद्ध आवाज गडगडला.

त्याबरोबर मधल्या खुर्चीवरून म्हातारा उठला.

"ह्यो माजा आवाज न्हाय!"

लोकांना वाटलं, हाही खेळाचाच भाग. हशा पिकला. श्रीमंत ओरडला, "मामा, मग तुमचा कुठाय?" आणि नेमकी तेव्हाच फीत तुटली (सकाळपासून तीनदा तुटली होती, चौथ्यांदा तुटायला हीच वेळ मिळाली). दिवे लागले. हार गळ्यात तसाच, म्हातारा उभा. मला धरणी दुभंगावी असं झालं. मी त्याचा हात धरून खाली ओढायला लागलो, तर त्यानं माझा हात सोडवला.

"म्या आसं बोललोच न्हवतो," तो म्हणाला. "ह्ये त्येंनी दुसऱ्याकडनं वदवून घेतलंया. माजं येगळं हुतं."

मग तो बोलला. ओरडला नाही. त्याच चिरक्या आवाजात, जसं घरात चुलीपुढं बोलावं तसं. "दार मी धरतो. तुमी लेकरं घिऊन मागल्या दारानं निगा. माज्याकडं बगत थांबू नगा. मी हाय हितं."

एवढंच. आमच्या मागं एक बाई पदर तोंडाला लावून बसली. श्रीमंत, ज्याला भांड्याच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही तो श्रीमंत, उठून आला आणि म्हाताऱ्याला दोन्ही हातांनी धरून त्यानं खुर्चीवर बसवलं. मी मात्र तिथंच उभा. डोक्यात एकच, की मग तो गडगडणारा कोण होता? कुठला कोण गृहस्थ, ज्याचं नावही पडद्यावरच्या पाटीत नाही, त्याचा आवाज मी आयुष्यभर पंगतीपंगतीत काढत हिंडलो, आणि ज्याच्या नावानं काढला तो इथं होटगीत मिरच्या निवडत होता!

पुढची रिळं लागली आणि उलट्या क्रमामुळं मेलेला किल्लेदार घोड्यावर बसून दौडत आला. मग काय विचारता! शिट्ट्या, टाळ्या, पोरं खुर्च्यांवर उभी. "मामा उठले! मामा उठले!" म्हातारा तर माझ्या मांडीवर थापा मारायला लागला, "बगा, जित्ता हाय की मी!" पिक्चर संपला तेव्हा किल्लेदार पडद्यावर जिवंत, नायकाच्या लग्नात अक्षता टाकत होता (ते खरं पहिल्या रिळातलं लग्न). लोक खूश. म्हातारा खूश. ज्याचा सगळा सोहळा, तो एकटा मी सुतक धरल्यासारखा बाहेर आलो.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, खरंच कधी बघितला नव्हता? तर म्हणाला, "आईनं आन घातली हुती. सोताचं मरान सोताच्या डोळ्यांनी बगू न्हाय, म्हनली. ती हुती तवर पाळली. मग पिक्चर ऱ्हायलं कुटं?" त्याच्याकडं राग नव्हता. राग सगळा माझ्याकडं जमा झालेला.

त्या दिवशी तो आमच्याकडं जेवायला थांबला, आणि अजून थांबलेलाच आहे. आई त्याला सोडत नाही. "ऊट माडरी, ऊट माडरी," म्हणून कानडीत जेवायचा आग्रह करते, शेंगाचटणी वाढते, भाकरीवर लोणी ठेवते. त्याला कानडी येत नाही आणि तिला त्याचं मराठी पुरतं कळत नाही, तरी दोघांच्या तासन्‌तास गप्पा चालतात. मला जन्म दिलेल्या बाईनं माझ्या ताटात लोणी शेवटचं कधी ठेवलं ते मला आठवत नाही. सकाळी तो माझ्याबरोबर दुकानात येतो आणि गादीवर बसतो. पेठ लोटते त्याला बघायला. गिऱ्हाईक एकही नाही, सगळे प्रेक्षक. चुकून एखादी बाई लुगडं उलगडून बघायला लागलीच, तर हा पुढं वाकून सांगतो, "ह्यो रंग इटतोय, बाई. घिऊ नगा." रंग खरंच विटतो, दाजी. पण ते दुकानाच्या गादीवर बसून सांगायचं असतं का?

आणि सुंदरम्मा. ती त्या रविवारपासून मला एकच प्रश्न विचारते, आणि उत्तर न ऐकता स्वयंपाकघरात जाते. "एवढी वर्षं तुम्ही कुणाचा आवाज काढत होता हो?" परवा श्रीमंताच्या मेहुण्याची हळद झाली. पंगत उठली आणि सवयीनं मी घसा खाकरला. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, तुम्ही बसा. मामा, तुम्ही बोला." मी बसलो. तिथं मला पहिल्यांदा कळलं की माझं वय झालं.

मी आता पिक्चरचं नाव काढणार नाही. जुनं जे असतं ते तंबूतच बरं दिसतं, त्याला थिएटरात आणून दिवे लावू नयेत. तुमच्या डोळ्यांपुढं तो किल्लेदार अजून तसाच उभा असेल, तर हे पत्र विसरून जा आणि त्याला तसाच राहू द्या. माझा तर गेला. अक्काला शरणार्थ, पोरांना आशीर्वाद.

आपला अभागी मेहुणा,
गुरुबसप्पा

ता. क. खरं कारण वर लिहायचं धाडस झालं नाही. वैरागला तुमच्या मळ्यात हवा चांगली आहे, घरही मोठं आहे. हिंदुरावमामांना महिनाभर तुमच्याकडं धाडू का? खाणं साधं, स्वभाव गरीब, मिरच्या फार सुरेख निवडतात. तुम्ही त्यांच्यासाठी रडलेला आहात, तेव्हा तुमचाही त्यांच्यावर हक्क पोचतो.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आत आईनं सुंदरम्माकडून वरचा मजकूर वाचून घेतला. तिचं म्हणणं, ते वैरागला गेले तर तीही वैरागला येईल. तेव्हा दोघांची सोय होत असेल तरच हो म्हणा.

ता. क. ३. दाजी, वरचं सगळं रद्द समजा. कुणाला धाडत नाही. उलट तुम्हीच गुडघा घेऊन तातडीनं या आणि चार दिवस दुकानावर बसा, कारण मी पुढच्या आठवड्यात मिरजेला चाललोय. त्या वितरकाकडं दिनमणीच्या आणखी पेट्या आहेत म्हणतात. आज दुपारी मामांनी देठं खुडता खुडता विचारलं, बाकीचं पिक्चर कुटं मिळतील का. मी म्हटलं, मामा, आता कशाला, सगळ्यांत तुम्ही मरताच की. तर म्हणाले, "म्हनूनच. एकदा समदी मरनं नीट बगून घेतो. मंजी खऱ्या येळंला आवगड जानार न्हाय."