लाट बाहेरच फुटते

॥ श्री ॥
टेंभुर्णी, माघ वद्य २, शके १८५५

ती. सौ. उमाक्का व ती. भाऊजी यांस
गिरिधरचा सा. न. वि. वि.

माघी चतुर्थीला मार्तंडवैद्यांच्या पंगतीत मी पानातली लिंबाची फोड उचलली आणि त्यांच्या प्रवाळाच्या गणपतीवर पिळली. त्या घटकेला माझं सगळं बदललं. द्वारकाबाईंचं पत्र तुला येईलच, आणि त्यात मी राक्षस असेन. म्हणून आधी माझ्याकडून ऐक.

पंगतीसमोर चौरंगावर गणपती मांडला होता. जाफराबादचे एक पाहुणे सांगत बसले की पोवळं म्हणजे समुद्रातल्या झाडाचं फळ, मंगळाच्या तेजानं पिकतं. मी म्हणालो की फळ बिलकुल नाही, जिवंत प्राण्याचं घर आहे ते. पाहुणे हसले. वैद्यबाबा मला एवढंच म्हणाले की जेवून घे, भात निवतोय. पण दाराआड वैद्यबाबांची तारा उभी होती, आणि माझ्या अंगात कालेज संचारलं होतं. फोड पिळली. सोंडेवर बारीक फेस चुरचुरला. बघा, चुना आहे, आपल्या हाडांसारखा, असं मी सगळ्यांना बजावलं.

फोड माझ्या उष्ट्या पानातली होती, हे मला सुचलंसुद्धा नाही, आक्का. पंगत अर्ध्यावर उठली. सोंडेची झिलई गेली, पांढुरका डाग राहिला. द्वारकाबाई कपाळाला हात लावून भावाला म्हणाल्या की असा जावई घरात आणलात तर उद्या देव्हाऱ्यात कोशिंबीर करील. वैद्यबाबांनी गणपती उपरण्यानं पुसला आणि आत नेला.

पंधरा दिवसांत आमची सुपारी फुटायची होती. आता निरोप आलाय की तूर्त राहू द्या.

मी हैदराबादला परत जात नाही. परीक्षा गेली खड्ड्यात. तारा या गल्लीत असताना मी तिकडे पुस्तकं उघडून काय वाचू? आणि माफीही मागणार नाही. खरं बोलल्याची माफी कसली?

रागावलीस तरी पत्र बंद करू नको. आईच्या जागी तूच आहेस.

तुझा
गिरिधर


॥ श्री ॥
पांबन, फाल्गुन शुद्ध ५, शके १८५५

चि. गिरिधर यास
उमाक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे दोघंही खुशाल.

द्वारकाबाईंचं पत्र तुझ्याआधी पोचलं. त्यात तू राक्षस नाहीस, नुसता गाढव आहेस. तेवढी त्यांची माया म्हणायची. माझ्या लग्नात त्यांच्या शालूवर ताक सांडलं होतंस, तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या.

तुझे भाऊजी धर्मशाळेच्या कारभारात, यात्रेकरूंच्या गर्दीत आहेत. आपल्याकडची माणसं रामेश्वराला जाताना याच धर्मशाळेत उतरतात आणि पहिल्यांदा विचारतात की भाकरी मिळेल का. जालन्याकडचं कुणी आलं की मी बोलायला हावरटासारखी जाऊन बसते.

तुझं पोवळं वाचून मला इथला समुद्र दिसला. ओहोटीला नावेतून खाली पाहिलं तर पाण्यात कोबीच्या गड्ड्यांसारखे, हरणाच्या शिंगांसारखे दगड दिसतात. त्यांच्या पलीकडे एक पांढरी रेघ आहे. मोठी लाट तिथंच फुटते, आणि आमच्या काठाला येते ती परातीतल्या पाण्यासारखी शहाणी होऊन. इथली माणसं ते दगड पहारीनं फोडून नावेत भरतात आणि चुन्याच्या भट्टीत जाळतात. आमची धर्मशाळा त्याच चुन्यानं पांढरी केली आहे. मासे विकणाऱ्या मुत्तम्माचा नवरा हेच काम करतो. मुत्तम्मा म्हणते की ते समुद्राचे दात आहेत. ते नक्की कसं बनतं, एवढं लिहून कळव. तुझं कालेज मला तरी उपयोगी पडू दे.

आणि वैद्यबाबांच्या पायांवर डोकं ठेव. आजच्या आज. काय बरोबर, काय चूक, हे नंतर सावकाश ठरवू.

तुला आशीर्वाद द्यायला कधी न चुकणारी,
उमाक्का


॥ श्री ॥
टेंभुर्णी, अधिक वैशाख वद्य १, शके १८५६

ती. सौ. उमाक्कास
गिरिधरचा सा. न. वि. वि.

अधिक महिना चाललाय, लग्नं बंद. एवढा एक महिना देवानं माझ्यासाठी पंचांगात घुसवला असं धरून मी दिवस काढून राह्यलोय. केदारखेड्याचं एक स्थळ ताराला बघून गेलं म्हणतात. आपला गडी कडूबा बैल सोडता सोडता म्हणाला की वैद्यांच्या गल्लीत माझ्या चपलांनी वहिवाट पडली, पण शेताकडची वाट गवतानं बुजली.

तुझ्या दगडांचं ऐक. मुगाच्या दाण्याएवढा प्राणी असतो, तोंडाभोवती मऊ बोटं. तो समुद्राच्या पाण्यातून चुना घेतो आणि आपल्याभोवती वाटी बांधून त्यात बसतो. एकदा बसला की जन्मात हलत नाही. तो मेला की वाटी राहते, तिच्यावर दुसरा बसतो. अशा लाखो वाट्यांचा तुझा एक दगड. त्यांच्या अंगात डोळ्याला न दिसणाऱ्या वनस्पती राहतात, त्या उन्हावर अन्न करतात आणि घरमालकालाही देतात. म्हणून पाणी उबदार आणि नितळ लागतं. गाळ आला, ऊन पोचलं नाही, की सगळे मरतात. जाड दगडाची जात तर वर्षाला बोटाच्या पेराएवढीही वाढत नाही. तू पाहतेस ती भिंत शिवाजीमहाराजांच्याही कितीतरी आधीपासून चढत आलेली आहे. मोठी लाट तिच्यावर आपटून दम सोडते, म्हणून आतला काठ वाचतो. (गणपतीचं तांबडं पोवळं याच घराण्यातलं, पण ते खोल पाण्यातलं. ते अशी भिंत बांधत नाही.)

आता सांग, यात मी काय खोटं बोललो होतो?

परवा वैद्यबाबा ओट्यावर बसले होते. मला बघून त्यांनी बाजूची पोथी उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं, हा माणूस माझी सावलीसुद्धा पोथीवर पडू देत नाही. मी मान फिरवून पुढं गेलो. ताराची पाठ तेवढी दिसली, ती तुळशीला पाणी घालत होती. तेवढ्यावर मी दोन दिवस जेवलो नाही आणि दोन दिवस उगाच हसत होतो.

वेडा म्हण, पण आपला म्हण.

तुझा
गिरिधर


॥ श्री ॥
पांबन, कार्तिक वद्य ६, शके १८५६

चि. गिरिधर यास
अनेक आशीर्वाद.

आम्ही जिवंत आहोत. आधी हे लिहिते, कारण वर्तमानपत्र वाचून तू घाबरला असशील.

मागच्या आठवड्यात तुफान झालं. दोन दिवस वारा असा की पत्रे कागदासारखे उडाले. धर्मशाळेच्या उजवीकडे कोळ्यांच्या झोपड्या होत्या, डावीकडेही होत्या. उजवीकडच्या पाण्यातला दगड गेली वीस वर्षं फोडून भट्टीत गेला आहे. डावीकडे उतरायला जागा अडचणीची, म्हणून तिथला तसाच राहिलेला. डावीकडं कुडं पडली, छपरं गेली, माणसं राहिली. उजवीकडं वाळूसुद्धा राहिली नाही. आत येता येता लाटेला फुटायला काही सापडलंच नाही रे.

मुत्तम्माचा नवरा गेला. नाव बांधायला म्हणून उतरला होता. ती माझ्याजवळ बसली आणि रडता रडता म्हणाली की त्याच्याच हातांनी त्यानं ती बाजू मोकळी केली होती, आणि घरात भात त्याच्यावरच शिजायचा, तर ती कुणाला शिव्या देणार? मी वर बघितलं तर आमच्या पांढऱ्याशुभ्र भिंती. मला माझं तोंड कुठं लपवू असं झालं. तुझे भाऊजी म्हणतात की आता भिंतींना चुना लावायचा नाही, मातीनंच सारवायच्या. त्यानं काय परत येणार आहे? पण मी हो म्हणाले.

गिरिधर, तुझी आणखी तीन पत्रं आली. तिन्हीत तारा आहे, वैद्यबाबांवर राग आहे, पण त्यांच्याकडे गेलास असं एकाही ओळीत नाही. तुळशीची लग्नं होऊन गेली. आता घरोघर मांडव पडतील. मला आज उपदेश करायचं त्राण नाही. हात जोडते, जा.

दुरून डोक्यावर हात ठेवते आहे,
उमाक्का


॥ श्री ॥
केदारखेडा, मार्गशीर्ष वद्य ८, शके १८५६

ती. सौ. उमाताईंस
ताराचा सा. न. वि. वि.

पंधरा दिवसांपूर्वी माझं लग्न झालं. माणसं चांगली आहेत. सासूबाईंना माझा स्वयंपाक अळणी लागतो, त्या रोज म्हणतात की वैद्याच्या घरात मीठ मोजून देत असतील. यांनी एकदा बाजू घेतली, तेव्हा जरा हसू आलं.

तुम्ही मला मुळाक्षरं शिकवलीत, म्हणून तुम्हाला एक गोष्ट लिहिते. पुन्हा लिहिणार नाही.

प्रवाळ प्राण्याचं आहे हे बाबांना ठाऊक होतं. आमच्या घरी प्रवाळ, शंख, कवड्या, सगळं लिंबाच्या रसात टाकूनच शुद्ध करतात, मग त्याचं भस्म होतं. तो फेस मी लहानपणापासून बघत आले आहे. त्या दिवशी मी आत्याला म्हणाले की बाबांनी पाहुण्यांसमोर हे का नाही सांगितलं? तर बाबांनी आतून ऐकलं आणि म्हणाले की मग सगळी पंगत त्या पोराला हसली असती.

उष्ट्याचं त्यांना लागलं होतं. पण त्यावर ते म्हणाले की देवाला आंघोळ घालता येते. केदारखेड्याच्या मंडळींना त्यांनी दोनदा परत लावून दिलं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून शेजारची जागा मोकळी ठेवायचे. आत्या चिडवायच्या की कुणाच्या नावानं पाट मांडलाय. आश्विनात त्यांनी तिथं बसणं सोडलं. मग मी हो म्हणाले.

आता मी नाही म्हणून भस्माच्या खलाला ते हात लावत नाहीत, असा निरोप आहे. तुम्ही कधी टेंभुर्णीला आलात तर त्यांना भेटा.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली
सौ. तारा


॥ श्री ॥
टेंभुर्णी, पौष शुद्ध ३, शके १८५६

ती. सौ. उमाक्कास
गिरिधरचा सा. न. वि. वि.

ताराचं पत्र तू माझ्याकडे धाडलंस. तिनं ते मला लिहिलं नव्हतं, म्हणूनच मला ते वाचता आलं. मला लिहिलं असतं तर मी त्यातही माझ्यावरचं प्रेम शोधत बसलो असतो.

पोथी उचलून त्यांनी माझ्यासाठी जागा केली होती, आक्का. मी त्यांना जे शिकवायला गेलो ते त्यांचे हात तीस वर्षं करत होते, आणि माझं हसं होऊ नये म्हणून त्यांनी सगळ्या गावाचं हसू स्वतःवर घेतलं. जवळजवळ वर्षभर मी समजत राह्यलो की ते हरले. आता मला माझ्या शहाणपणाची किळस येते.

लग्नाच्या दिवशी मी शेतात होतो. सनई तिथंपर्यंत आली. कडूबानं नुसती माझ्या वाटणीची मोट हाकली. तो जर त्या दिवशी बोलला असता तर मी त्याला मारलं असतं.

तू म्हणत होतीस, जा. तेव्हा गेलो असतो तर तारासाठी गेलो असतो, आणि वैद्यबाबांनाही ते कळलं असतं. तरी त्यांनी जवळ बसवलं असतं, हे मला आता कळतं, आणि त्यानं जास्तच जीव जातो. आज गेलो तर मला काही मिळायचं नाही. तारा तिच्या घरी आहे, तिथं ती सुखात राहो. वैद्यबाबा कदाचित बोलणार नाहीत. द्वारकाबाई बोलतील, त्यांना अडवणार नाही. काय म्हणायचं ते सकाळपासून तीनदा लिहून काढलं आणि फाडलं. प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीत माझंच कौतुक येत होतं.

त्यांनी ठेवून घेतलं तर खल घोटीन. हात तरी कामाला लागतील. नाही घेतलं तर ओट्याखाली उभा राहीन.

मुत्तम्माला सांग की तुझा भाऊ तिची चौकशी करतो. भाऊजींना नमस्कार. माझ्यावर माया ठेवण्यासारखं मी फार काही केलेलं नाही, तरी ठेव.

तुझा
गिरिधर

ता. क. कडूबा पत्र न्यायला उंबऱ्याशी उभा आहे आणि म्हणतो की जल्दी करा, वैद्यबाबा दुपारचे उठले असतील. चपला घातल्या. हे त्याच्या हाती देतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.