जीप एअर घेते

३ एप्रिल
टाकी फुल केली. घरी येऊन बघतो तर डिझेल टाकीचं झाकण गायब! पंपावरच्या पोराचंच काम. परत जाऊन त्याला चार लोकांत झाडला. तो आईची शपथ घ्यायला लागला. चोरांच्या तोंडी शपथा तयारच असतात.

तात्पुरती सोय म्हणून घरात पहिलं हाताला लागलं ते फडकं उचललं, बोळा केला आणि टाकीच्या तोंडात कोंबला. झाकणापेक्षा फिट.

संकल्प: २८ तारखेच्या आत जीप टकाटक करणे. त्या दिवशी दिपालीचं लग्न. एकुलती भाची, धसईला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीची, वर्षाची पोरगी. नवरी घरापासून सरळगावच्या हॉलपर्यंत मामाच्या जीपमधून जाणार, असा शब्द दिलाय. वर्षा आजच आमंत्रण घेऊन आली होती, तिला परत एकदा दिला. जीप जुनी आहे, पण मीही एसटी डेपोच्या स्टोअरमध्ये जन्म काढलाय. डिझेल गाडीतलं मला कोणी शिकवू नये.

५ एप्रिल
किन्हवलीच्या अलीकडे चढावर जीपने दोन झटके दिले आणि मेली. उतरून बॉनेट उघडलं. शांतपणे बघत बसलो. अर्ध्या तासाने स्टार्टर मारला, चालू! निदान: गाडीने एअर घेतली होती, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा. हात न लावता काढली. असे लोक आता राहिले नाहीत.

बोळा जागेवर नव्हता. उडाला असणार. दुसरा बसवला, माझी जुनी बनियन. या वेळी अंगठ्याने चांगला आत दाबला.

७ एप्रिल
डिझेल फिल्टर बदलला. ट्रायल घेतली. त्याच चढावर बंद. टपरीवर चहा पिऊन आलो तर चालू. म्हणजे फिल्टरचं काम झालं, फक्त बसायला वेळ लागला.

बनियन उडाली. आता नॅपकिन. डबल घडी.

८ एप्रिल
घरात धुमश्चक्री. बायकोचा, रंजनाचा एक खण सापडत नाही. साधासुधा नाही, तिच्या आईने शेवटची ओटी भरली तेव्हाचा. त्याच्या पुढच्याच महिन्यात सासूबाई गेल्या. रंजनाने तो कधी शिवला नाही. आता दिपालीच्या लग्नासाठी त्याचं पोलकं शिवायचं ठरवून ट्रंकेतून काढला होता आणि ओसरीवरच्या खुर्चीत ऊन दाखवायला ठेवला होता. हिरवा, लाल काठाचा.

मला विचारलं, तुमी पायला का वो? मी म्हणालो, कसला खण?

जेवताना हिरवं काहीतरी आठवायला लागलं. विषय डोक्यातून काढला. काढला की परत येतो.

९ एप्रिल
तोच होता.

ही वही कोणी वाचत नाही म्हणून लिहितो. खुर्चीवर ठेवलेली वस्तू माणूस फडकं समजणारच. चूक खुर्चीची आहे. तरी मी सांगणार आहे. उद्या. सकाळी चहा झाल्यावर, ती शांत असते तेव्हा.

१० एप्रिल
सकाळी सांगणार होतो. चहात साखर कमी होती, मूड गेला.

दुपारी रंजनाच म्हणाली, तीन तारखेला वर्षाताय आलेल्या, त्याच खुर्चीजवळ बसल्या, खण हातात घेऊन म्हणाल्या, वैनी, काय सुरेख हाय गो. त्यांनी तर नाय ना नेला?

मी म्हणालो, असेल.

एवढाच शब्द. 'नेला' म्हणालो नाही. 'असेल'मध्ये 'नसेल'सुद्धा येतं. पण रंजनाला व्याकरण कुठे! ती भांडी जोरात घासायला लागली.

रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. बहुतेक ऍसिडिटी.

१२ एप्रिल
जीपची टेस्ट ड्राइव्ह. शहापूर ते किन्हवली पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही बाजूंची गटारं बघत. खण उडाला तो कुठेतरी पडलाच असेल. सापडला की धुवायचा, इस्त्री करायची, ट्रंकेमागे टाकायचा. ट्रंकेमागे गेलेलं सापडतं, सगळ्यांच्याच घरी.

करवंदाच्या जाळीत एक हिरवं चिंधूक दिसलं. धावलो. वेफर्सचं पाकीट. तिथे शेळ्या चारणारी रखमी म्हणून बाई आहे, ती म्हणाली, बाबा, मघापास्ना बघतंय, काय हारवलंय तुमचा? मी म्हणालो, गाडीचा पार्ट. ती पण शोधायला लागली बिचारी. भर उन्हात. मला तिथून निघवेना आणि थांबवेना.

परत येताना जीप दोनदा बंद. नॅपकिनही उडाला, आता जुन्या लुंगीचा बोळा.

१४ एप्रिल
आसनगावचा संजू मेकॅनिक. त्याने इंजिनावरचा डिझेलचा हँडपंप मारला, पाइप सोडला, जीप धडधडली. मग म्हणाला, काका, डिझेल खेचनारा फीड पंप असेल, नायतर नोझल, नायतर टाकीत कचरा. टाकी उतरवून बघायची का? म्हणजे ह्यालाच माहीत नाही! मी हसलो. टाकीत काय असणार, डिझेल. कचरा जायला तोंड उघडं लागतं. आपल्या टाकीचं तोंड एक क्षण उघडं नाही, उडाला बोळा की दुसरा हजर.

नोझल काढून साफ करवले. आसनगाव ते शहापूर काही झालं नाही. (रस्त्याला चढ नाही, हा योगायोग.)

१७ एप्रिल
रंजनाने वर्षाला फोन केला. मी ओसरीवरून ऐकत होतो. आधी लग्नाच्या तयारीचं, मग आमच्या आयचा खण तुमच्या पिशवीत चुकून तर नाय आला, असं. चुकून. मग पलीकडचं बराच वेळ. मग रंजना म्हणाली, ह्यांना पन तसाच वाटतं.

मी तेव्हा फीड पंप या विषयावर व्हिडिओ लावला. फुल आवाजात.

१९ एप्रिल
उपाय सापडला. मुरबाडला जाऊन तस्साच खण घेतला. हिरवा, लाल काठ. आता प्रश्न असा की तो आला कुठून? ट्रंकेमागे टाकणार होतो, पण रंजनाने ट्रंक हलवून मागची भिंतसुद्धा पुसलीय. म्हणून सांगितलं, वर्षाने पाठवला. गुपचूप. तू आता विषय वाढवू नको.

सगळ्यांची अब्रू राखली. हलकं वाटतंय.

२० एप्रिल
हलकं वाटत नाही.

रंजनाने खण नाकाला लावला. ट्रंकेतल्या वेखंडाचा वास नाही म्हणाली. काठ बोटाने चाचपला. आमच्या आयनं काठाला हळदीचं बोट लावलेलं, ह्याच्यात कुठाय? मग म्हणाली, चोरला तो चोरला, वर बदली दिला. लग्नाला येनार नाय मी.

वर्षावर आता दोन गुन्हे. दोन्ही माझे. असं लिहिल्यावर वाचायला फार वाईट वाटतं. खोडणार होतो, पण खाडाखोडीने वही घाण होते.

२३ एप्रिल
वर्षाचा फोन. रडत होती. दादा, तुला पन वाटतं मी चोर हाय? माझ्या घरात लगीन हाय रे, चार मानसात वैनी नाय आली तर मी काय सांगू?

मी म्हणालो, हॅलो, हॅलो, रेंज नाही. आणि कट केला.

रेंज होती. फुल. लहानपणी आंबा मी पाडायचो आणि मार तिच्या वाटणीला जायचा. तेव्हाही ती नाव सांगायची नाही.

उद्या सकाळी सगळं सांगणार. वर्षालाही, रंजनालाही. पक्कं.

२४ एप्रिल
जीपचं एक काम निघालं.

२७ एप्रिल
रंजनाच्या हातापाया पडलो. दिपालीसाठी ये म्हणालो. ती येते म्हणाली, पण वर्षाच्या घरचं पाणी पिणार नाही. ठीक आहे, पाणी सोबत घेतलं. वाटेत जीप तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा रंजना पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसून राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

हळदीला दोघी दोन टोकांना. दिपाली मधे. मला दोघींनी जेवायला वाढलं, म्हणून दोनदा जेवलो.

संकल्प: लग्न लागलं की सांगायचं. शुभकार्यात नको.

२८ एप्रिल
लिहायची इच्छा नाही. पण जे झालं ते वहीत, नियम तो नियम.

जीप फुलांनी सजवली. पुढे मी आणि दिपालीचा बाप पंढरी, मागे नवरी मधे, एका बाजूला वर्षा, एका बाजूला रंजना. दोघींची तोंडं बाहेर. धसई सोडली, जरा चढ लागला आणि जीपने झटके दिले. मी सगळ्या देवांची नावं घेतली. मेली.

मी म्हणालो, काही नाही, एअर आहे, अर्धा तास बघत बसलं की सुटते. पंढरी म्हणाला, मेव्हणे, मुहूर्ताला अर्धा तासच हाय!

मागून वऱ्हाडाचा टेम्पो आला, थांबला. सगळे उतरले. प्रत्येकाने सल्ला दिला. वर्षा मात्र सरळ टाकीपाशी गेली. बोळा बघितला. ह्यो काय रे, दादा? उपसला आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. आत कायतरी हाय, म्हणाली.

मला तेव्हा कळलं. अख्खं. एका दमात. उडाला नव्हता, एकही उडाला नव्हता; सगळे आत टाकीत, चढावर पाइपाच्या तोंडाला चिकटायचे आणि अर्ध्या तासाने सुटायचे. मी म्हणालो, राहू दे, राहू दे, मुहूर्त! पण पंढरीने कोणाच्या तरी मोडक्या छत्रीची काडी वाकवून दिली होती आणि वर्षाने ती आत घातलीसुद्धा.

आधी नॅपकिन आला. मग बनियन, भोकांसकट. वऱ्हाड हसायला लागलं. वर्षाही हसली. मग काडी जड झाली आणि हळूहळू, ओढत, पाइपाच्या तोंडाशी चिकटून बसलेला तो आला. डिझेल गळत होतं. तरी हिरवा कळत होता. लाल काठ कळत होता.

हसणं थांबलं नाही, कारण वऱ्हाडाला काही माहीत नव्हतं. फक्त दोघी हसत नव्हत्या.

रंजनाने तो हातात घेतला. नव्या साडीवर डिझेल सांडत होतं, तिचं लक्ष नव्हतं. काठावर बोट फिरवत गेली आणि एका जागी थांबली. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, सांगणारच होतो. हे खरं आहे, वहीत लिहिलेलं आहे.

ती वर्षाकडे वळली आणि भर रस्त्यात तिच्या गळ्यात पडली. ताय, मला माफ करा वो. वर्षा रडत म्हणाली, वैनी, साडीला लागलं गो डिझेल, सोड. पण सोडलं कोणीच नाही.

मी चटकन गळका नॅपकिन आणि बनियन उचलून गटारात फेकले आणि सीटवर बसून स्टार्टर मारला. पहिल्याच सेल्फला चालू! अशी कधी वाजलीच नव्हती. मी ओरडलो, चला, बसा! मागे बघतो तर सगळ्या टेम्पोत चढत होत्या. रंजना, वर्षा, नवरीसुद्धा. दिपाली शालू सावरत म्हणाली, मामा, तू ये मागून.

मुहूर्त टळला नाही. मामा म्हणून नवरीच्या पाठी उभा राहिलो. हात पाठीमागे धरून, कारण हातांचं डिझेल जात नव्हतं.

३० एप्रिल
रंजना दोन दिवस वर्षाकडेच राहिली. खण रिठ्याने तीनदा धुतला म्हणे, वास गेला नाही. हळदीचं बोट आहे अजून, फिकट. दोघी त्याचं पोलकं शिवणार आहेत, वास असला तर असला. हे मला पंढरीने सांगितलं. माझ्याशी अजून बोलणं नाही.

सकाळी तिला आणायला निघण्याआधी जीप झाडली. फुलं, अक्षता. ड्रायव्हर सीटखाली टाकीचं झाकण सापडलं. मीच ठेवलं असणार, डिझेल भरताना. पंपावरच्या पोराची माफी मागायला हवी. जाईन. पंप तसा आडवाटेला आहे.

झाकण बसवलं. धसईला पोचलो तर रंजना पिशवी घेऊन एसटी स्टँडवर उभी. दार उघडलं. म्हणालो, बस, आता एकदम ओके आहे, हवं तर चढावर दाखवतो. तिने मान फिरवली. एसटी आली. ती चढली.

मी एसटीच्या मागे मागे शहापूरपर्यंत आलो. मागच्या काचेतून तिचा अंबाडा दिसत होता. वाटेत सगळे चढ लागले. जीप एकदाही बंद पडली नाही.