दुसऱ्या मोकळ्या जागेत माझे नाव

मी, भागवत पुंजाराम बोर्डे, वय एक्कावन्न, धंदा साउंड सर्व्हिस व टेप दुरुस्ती, राहणार मंठा, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणतात लिव्हर गेले. डोके जागेवर आहे, आणि राग तर त्याहून जागेवर आहे.

१. मंठ्याचे राहते घर पत्नी शिवकन्या हिचे. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. नवीन जालन्यातले दुकान व सगळे सामान मुलगी ज्योत्स्ना हिला. साडू कारभारी यांनी त्यांच्या पोरीच्या लग्नाला म्हणून नेलेले भोंगे तिने परत आणावेत. त्या पोरीला आता पोरे झाली.

३. आता ठेक्याची कॅसेट. नव्वदच्या दशकात मी आणि प्रितम खरात मिळून रॅप करायचो. शब्द आणि आवाज त्याचा, ठेका माझा. मशीन कुठले? दोन कप्प्यांच्या टेपवर पॉजचे बटण दाबत मी माझ्या बापाच्या ढोलकीचा एकच तुकडा पुन्हापुन्हा जोडत गेलो, बोटाला घट्टा पडेपर्यंत. मुंबईहून येणाऱ्या अमेरिकन कॅसेटींवर बोलणाऱ्याच्या शेजारी ठेका बनवणाऱ्याचेही नाव असे. आपलेही तसेच, असे ठरले होते. आमच्या भीमगीतांच्या गायन पार्ट्यांत शेवटच्या कडव्यात कवीचे नाव येते, म्हणून मी शेवटी ढोलकी दोनदा थांबवून जागा सोडली. पहिली प्रितमच्या नावाला, दुसरी माझ्या.

मंठ्याच्या भीमजयंतीत, भर स्टेजवर, त्याने दोन्ही जागांत स्वतःचेच नाव घेतले. खाली उतरून म्हणाला, "जोशात निघून गेलं रे. पुढच्या बारीला घेतो." पुढच्या बारीलाही तेच केले. मी कॅसेट काढून घेतली आणि बोलणे बंद केले.

आता रॅपला चांगले दिवस आले आहेत. गेल्या आठवड्यात तो दवाखान्यात आला. तब्येत विचारली नाही.

"भागवत, तेवढी कॅसेट दे. कम्प्युटरवर लई करून पाह्यलं, तुह्या ठेक्याबिगर गाणं बसूनच न्हाई राह्यलं."

"मंग शेवटी नाव कोणाचं घेशील?"

तो हसला. "आता तुला कोण वळखतं?"

हलकट माणूस आहे. आवाज मात्र अजून तसाच आहे, याचाही मला राग येतो.

४. माझ्या पुण्यानुमोदनाला, बुद्धवंदना झाल्यावर, ज्योत्स्नाने ही कॅसेट कारभारींकडून आणलेल्या भोंग्यांवर लावावी. दुसरी प्रत नाही. प्रितमला बोलवावे, माईक द्यावा, पूर्ण गाणे म्हणू द्यावे. दुसऱ्या जागेत त्याने माझे नाव घेतले तर कॅसेट त्याची, कायमची. गप्प राहिला किंवा पुन्हा स्वतःचेच नाव घेतले, तर सगळ्यांदेखत फीत ओढून काढून कात्रीने कापावी. कोणी मध्ये पडू नये, शिवकन्येनेही नाही.

तो "जोशात निघून गेलं" म्हणेल आणि अजून एक बारी मागेल. देऊ नये.

सही: भागवत पुंजाराम बोर्डे

आमच्यासमोर वाचून सही केली:
१. रामप्रसाद गणपतराव सोळंके, मंठा
२. सुरेखा भारत मगरे, मंठा

मंठा, दि. १९ मे २०२५